कोरोनाच्या लाटेत डॉक्टर नुसत्या फोनवर कसं ठरवायचे, की कोणाला घरी ठेवायचं आणि कोणाला भरती करायचं?

एप्रिल-मे २०२१ मध्ये मी इंदूरला घरी विलगीकरणात असलेल्या रुग्णांना दिवसभर फोन लावत होते, म्हणून सांगते.

कागदावर नियम सोपा होता. ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्के किंवा जास्त असेल तर घरी, ९० ते ९३ असेल तर भरती, ९०च्या खाली गेला तर आयसीयू. पण तो आकडा मला दिसत नव्हता, घरातलं कुणीतरी वाचून सांगायचं. रामबागेतल्या एका काकू म्हणाल्या, "ह्यांचा ९६ आहे, ठीक आहेत." मागे काका कुणाशी तरी बोलत होते, दोन-दोन शब्दांवर थांबत. मी म्हटलं, "काकू, यंत्रावर दोन आकडे आहेत ना? टक्क्याची खूण कोणत्या आकड्याजवळ आहे?" ९६ नाडीचे ठोके निघाले. ऑक्सिजन होता ८७.

काकांना मात्र दम लागल्यासारखं वाटतच नव्हतं. श्वासाची तगमग होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की. या आजारात तो बाहेर पडत राहायचा आणि ऑक्सिजन गुपचूप उतरायचा. म्हणून "कसं वाटतंय?" या प्रश्नावर मी कधीच विसंबले नाही. बसून ९४च्या वर असेल तर घरातल्या घरात सहा मिनिटं चालायला लावायचं, सोबत कुणीतरी हवंच. तीन टक्क्यांहून जास्त उतरला की मी भरतीचं बोलायचे. एका श्वासात आकडे मोजायला लावण्याची पद्धतही तेव्हा फार चालली होती. ऑक्सफर्डच्या तज्ज्ञांनी २०२०मध्येच ती वापरू नका असं सांगितलं होतं, आणि मला ते पटलं होतं.

सगळ्यात उपयोगी प्रश्न मी रुग्णाला नाही, जेवणाचं ताट नेऊन ठेवणाऱ्याला विचारायचे: "काल जे स्वतः उठून करत होते, ते आज करतायत का?" काल संडासला एकटे गेलेले आजोबा आज दाराशी टेकून उभे राहिले, एवढं कळलं तरी मी पुढचा फोन चार तासांनी न लावता तासाभरात लावायचे.

आणि फोन ठेवण्याआधी, अगदी ठणठणीत वाटणाऱ्या घरालाही, कागदावर लिहून घ्यायला लावायचे: रात्री दोनला आकडा ९४च्या खाली गेला तर कोणाला उठवायचं, गाडी कोणाची, आणि आधी कुठे न्यायचं.