फिकट फुलांचा कवला: नवी जाती की संकर?

नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पठारावर दोन प्रकारच्या कवल्यांच्या (शेंगा धरणाऱ्या पावसाळी रोपांच्या) गर्दीत फिकट फुलांचं एकच झुडूप दिसलं, ही नवी जाती की त्या दोघांचा संकर, असा तुमचा प्रश्न आहे. त्याआधी तिसरी शक्यता तपासा: साधा रंगभेद. एखादं रंगद्रव्य तयार झालं नाही की फूल पांढुरकं होतं, बाकी झाड तेच राहतं. अशी झाडं दर पावसाळ्यात सापडतात. अंजनेरीच्या नावाची सेरोपेजिया (एक रानवेलवर्गी वनस्पती) आहे, म्हणून तिथलं प्रत्येक वेगळं फूल नवंच असेल असं नाही.

कवल्यात, म्हणजे स्मिथियात, पाकळ्यांपेक्षा निदलपुंज, म्हणजे फुलाखालचा हिरवा पेला, बोलका. त्याच्या शिरा समांतर आहेत की जाळीदार, केस कुठे आणि कसे, पर्णिकांच्या (संयुक्त पानाच्या छोट्या पात्यांच्या) जोड्या किती, उपपर्णांचा (देठाच्या बुडाशी असलेल्या पानासारख्या भागांचा) आकार कसा, हे दहापट भिंगातून पाहा. शेंग निदलपुंजातच घडी घालून बसते. तिचे सांधे मोजा. दोन्ही शेजारच्या जातींची किमान वीस-वीस झाडं मोजा, नाहीतर फरक कशाच्या तुलनेत सांगणार?

संकराचा संशय असेल तर पराग तपासा. उमलण्याच्या बेतातल्या कळीतला परागकोश घ्या. उमललेल्या फुलातले पराग पावसाने फुटतात आणि आकडा फसवतो. एक टक्का अ‍ॅसिटोकार्माइन या लाल रंगाच्या द्रावणाच्या थेंबात चुरडा, दहा मिनिटं थांबा, तीनशे कण मोजा. भरलेले लालसर दिसतात, वांझ फिके आणि आक्रसलेले. वांझ खूप निघाले तर संकराची शक्यता वाढते, पण सिद्ध होत नाही: अन्नाचा ताण किंवा रोगही परागांचं नुकसान करतो. उलट, गुणसूत्रं दुप्पट झालेल्या संकराचे पराग चांगले असू शकतात. संकर दोघांच्या बरोबर मधला दिसेलच असंही नाही.

डीएनए तपासायचा तर इथेच बहुतेकजण चुकतात. फक्त हरितलवकाचा (पानाला हिरवं करणाऱ्या पेशीतल्या कणाचा) जनुक, मॅटके किंवा आरबीसीएल, वाचला तर बहुधा आईच दिसते, कारण बहुतेक फुलझाडांत तो आईकडूनच येतो. केंद्रकातला आयटीएस हा डीएनएचा तुकडाही वाचा, तो आईबाप दोघांकडून येतो. ताज्या संकरात आईबाप जिथे वेगळे तिथे वाचनाच्या आलेखात एकाच जागी दुहेरी शिखरं येतात. पान सिलिका जेलमध्ये सुकवा, अल्कोहोलमध्ये नको.

झुडूप एकच असेल तर उपटू नका. वनविभागाची परवानगी घेऊन एक फांदी, दोन-तीन फुलं सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये, पुरे. नमुना दाबल्यावर पहिले चार दिवस कागद रोज बदला. नाशिकच्या श्रावणात दुसऱ्या दिवशीच बुरशी चढते. बी धरलं तर तेही पेरून बघा: पिढी विस्कळीत निघाली, कुणी एका जातीकडे तर कुणी दुसरीकडे झुकलं, तर संकराला जोर येतो.

जाती नवी ठरलीच तर वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत प्रसिद्ध करावं लागतं आणि प्ररूप नमुना, म्हणजे ज्यावर नाव आधारलेलं असतं तो नमुना, वनस्पती संग्रहालयात ठेवावा लागतो. पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं कार्यालय जवळ आहे. तिथले जुने स्मिथिया नमुने आधी पाहून या. आणि इथे पुढचा फोटो टाकाल तो निदलपुंजाचा, शेजारी मोजपट्टी ठेवून.