वाचक विचारतात : ३१ जानेवारीला झालं तरी काय?

प्रश्न : पोस्टमनकाका, सप्रेम नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत नातीला घेऊन पणजीला फोंतेन्याश ही जुनी वस्ती बघायला गेले होते. ‘३१ जानेवारी रस्ता’ ही पाटी वाचून ती म्हणाली, “आजी, २६ जानेवारी ठाऊक आहे, पण ३१ ला काय झालं?” शेजारीच एक गाईड पर्यटकांना सांगत होता की त्या दिवशी पोर्तुगाल स्पेनच्या तावडीतून सुटला. खरं का ते? आणि त्या रस्त्यावर बघावं तरी काय? — एक आजी, म्हापसा

उत्तर : नातीला माझी शाबासकी सांगा. त्या बीटवर मी अठरा वर्षं टपाल वाटलं आणि हा प्रश्न मला पडायला त्यातली दहा गेली.

गाईडचं सांगणं मीही पुष्कळदा ऐकलंय. पण पोर्तुगालवर स्पेनच्या राजांचा अंमल बसला १५८० मध्ये आणि उठला १ डिसेंबर १६४० रोजी. त्यात जानेवारी कुठून आला?

३१ जानेवारी ही तारीख १८९१ सालची. पोर्तो शहरात काही पलटणींनी राजेशाहीविरुद्ध उठाव केला. आदल्या वर्षी इंग्रजांनी निर्वाणीचा खलिता धाडला होता आणि आफ्रिकेतल्या मुलखावरचा दावा राजानं मुकाट सोडून दिला होता. त्याचा राग लोकांच्या मनात धुमसत होता. बंडवाल्यांनी नगरपालिकेच्या सज्जातून प्रजासत्ताक जाहीर केलं, चढाच्या रस्त्यावरून मोर्चा काढला, वरून गोळ्या सुटल्या आणि दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. म्हणजे ही आठवण फसलेल्या बंडाची! पुढं ५ ऑक्टोबर १९१० ला राजेशाही खरोखरच गेली, तेव्हा नव्या राजवटीनं या तारखेला मान दिला. पोर्तुगालात गावोगावी या नावाचे रस्ते आहेत. आपला त्याच माळेतला.

परक्यांची पाटी म्हणून नाक मुरडणारे मला भेटतात. त्यांना मी एवढंच सांगतो, १९१० च्या त्या प्रजासत्ताकानंच गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क दिले. पुढं पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यानं ते सगळ्यांचेच आवळले, ती गोष्ट वेगळी. आणि १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी सभाबंदी मोडली, त्या तारखेच्या नावाचा रस्ताही पणजीत आहेच. दोन तारखांचे दोन रस्ते झाल्यानं आमची मात्र पंचाईत. एकदा पाकिटावर चक्क ‘३१ जून रस्ता, पणजी’ असा पत्ता आला होता. आडनावावरून घर ओळखलं, पत्र पोचवलं.

आता बघायचं काय? सुरुवात आमच्या मुख्य टपाल कचेरीपासून करा. ही पूर्वी तंबाखूच्या व्यापाराची वखार. पावसाळ्यात टपालाच्या थैल्यांना कुबट वास यायचा तेव्हा जुनी मंडळी तंबाखूवर खापर फोडायची. खरं कारण गळकं छप्पर. शेजारी जुनी टांकसाळ. तिथून सांत तोमे हा भाग ओलांडून दक्षिणेकडे चालू लागा. डाव्या हाताला घरांच्या मागं ओरेंची खाडी, उजव्या हाताला आल्तिनोची टेकडी. या चिंचोळ्या पट्टीत एके काळी माडांचं भाट, म्हणजे बाग होती. मोझांबिकहून पैसा कमावून आलेल्या आंतोनियो जुआंव द सिकेरा यानं ती लावली. लोक त्याला ‘मोसमीकार’ म्हणत. मुंबईहून आलेल्याला मुंबयकार म्हणतात, तसंच हे.

वस्तीचं नाव टेकडीखालच्या झऱ्यावरून पडलं. पोर्तुगीजात ‘फोंत’ म्हणजे झरा. मळा नावाच्या भागात मारुतीच्या देवळाखाली फिनिक्स झरा आहे. पर्यटक तिथवर क्वचितच जातात. तुम्ही मात्र जा, आणि पायऱ्या चढून मारुतीलाही हात जोडा.

घाई करू नये अशी जागा म्हणजे सांत सेबास्तियांवचं कपेल, म्हणजे छोटं चर्च. त्यासाठी मोठा रस्ता सोडून आतल्या गल्लीत वळावं लागतं. कपेल १८१८ चं. त्यातला क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या इंक्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या वाड्यातला. ते न्यायासन १८१२ मध्ये बंद झालं, तेव्हा क्रूस पणजीच्या आदिलशहाच्या वाड्यात नेला आणि १९१८ मध्ये इथं आणला. एरवी क्रूसावरच्या येशूचे डोळे मिटलेले आणि मान कललेली असते. इथं डोळे उघडे आहेत. ज्यांची चौकशी चालायची त्यांना धाक बसावा म्हणून, असं सांगतात. रजिस्टर पत्र घेऊन मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा सही घ्यायची विसरून बाहेर आलो होतो.

प्रश्न : फोंतेन्याशमधली घरं पिवळी, निळी, तांबडी, पांढरं एकही कसं नाही? — एक विद्यार्थी, डिचोली

उत्तर : पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवायचा, हा पोर्तुगीज अमदानीतला दंडक. घराला पिवडी, हिरमुजी नाही तर नीळ, चुन्यात कालवून. चुन्याचा रंग आपल्या पावसात टिकत नाही, म्हणून पावसाळा सरला की दरवर्षी नवा हात मारायचा. खिडक्यांच्या आणि दारांच्या कडा मात्र पांढऱ्या ठेवतात. म्हणून ‘एकही नाही’ म्हणू नका, नीट बघा. जायचं तर सकाळी आठच्या आत जा, आणि फोटोसाठी कुणाच्या पायरीवर बसू नका. आत माणसं राहतात, त्यांना पाव आणायला बाहेर पडायचं असतं.