दुसरी पसंती दिली तर पहिलीचं बळ कमी होतं का?

प्रश्न : विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात दुसरा क्रमांक लिहिला तर आपल्याच माणसाचं नुकसान होतं, असं इथं सगळे सांगतात. खरं काय?
(एक मास्तर, खानापूर)

उत्तर : मास्तर, नुकसान होत नाही. या निवडणुकीत उमेदवारांसमोर १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. समजा, १००० मतं वैध ठरली. जागा एकच, म्हणजे जिंकायला ५०१ पाहिजेत. कुणालाच तेवढी नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीकडे जातात. तुमचा माणूस रिंगणात असेपर्यंत तुमचा दुसरा आकडा कुणी बघत नाही. तो बाद झाला आणि दुसरी पसंती नसली, की तुमचं मत तिथंच संपलं.

मी निवडणूक ड्युटीवर असताना पदवीधरांच्याच मतपत्रिकांवर आकड्याऐवजी बरोबरच्या (✓) खुणा बघितल्यात. (बीए-एमए झालेली माणसं हो!) तसलं मत बाद. 'एक' असं अक्षरात लिहिलं तरी बाद. दोघांसमोर १ घातला, तरीही तेच. केंद्रावर देतात तोच जांभळा पेन वापरा, खिशातला नको.

आणि आपल्या सीमाभागातल्यांनी हे ऐकाच : आकडा कन्नडमध्येच हवा असं नाही. मराठी १ चालतो.