आधी कॉइल विझवा

प्रश्न : डोंबिवलीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पाच वर्षांच्या नातवाला रात्री खोकल्याची उबळ येते, छातीत घरघरही होते. डासांमुळे खिडक्या लावून कॉइल लावतो. हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यावं, की स्नेक प्लांटसारखी झाडं पुरतील?
– एक आजी

उत्तर : आजी, यंत्राचं नंतर बघू. कॉइल आज रात्रीपासूनच बंद करा. खोकणारं मूल दवाखान्यात आलं की मी आधी कॉइलचंच विचारते. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचं आढळलं. बंद खोलीत पोर तेच रात्रभर श्वासातून घेतं! खिडक्यांना जाळ्या बसवून घ्या, तोवर मच्छरदाणी लावा. खिडकी उघडी ठेवता येईल. धूप-उदबत्ती नातू खोलीत नसताना.

फोडणीचं तेल तापत ठेवतानाच एक्झॉस्ट फॅन लावा. मिरचीचा ठसका घरभर पसरल्यावर लावून काय उपयोग? पात्यांवरचा चिकट थरही पुसत जा.

एकदा कपाट ओढून मागची भिंत बघा. काळे ठिपके असतील तर ती बुरशी. वरून रंग मारू नका, ओल कुठून येते ते शोधा.

झाडं हौसेनं जरूर लावा. पण झाडं हवा शुद्ध करतात असं दाखवणारा नासाचा १९८९ चा तो प्रसिद्ध प्रयोग हवाबंद पेट्यांमधला होता. घरातली हवा चार कुंड्यांनी स्वच्छ होत नाही.

आणि घरघर अंगावर काढू नका. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा, दम्याबद्दल स्पष्ट विचारा.