जुनी बॉडी, पिकअपची चेसिस: आधी टेप लावा, मग कटर लावा

गेल्या दोन-तीन महिन्यांत तुम्ही मला पाठवलेले प्रश्न काढून बसलो तर अर्ध्याच्या वर एकाच गोष्टीचे निघाले. जुन्या ट्रकचं केबिन किंवा जुन्या गाडीची बॉडी घ्यायची, खाली बोलेरो पिकअप नाहीतर टाटा योद्धाची चेसिस, म्हणजे चाकांवरचा लोखंडी सांगाडा, घालायची, म्हणजे दिसायला आजोबांच्या काळातली आणि चालायला आजची. कल्पना मलाही आवडते, तीस वर्षं याच कामात हात काळे केलेत. पण लोकं आधी केबिन उचलून आणतात, मग चेसिस घेतात, मग मिस्त्री शोधतात आणि सगळं अडकल्यावर मला विचारतात. म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तर देऊन टाकतो.

प्रश्न (मानेवाडा): वडिलांची १९७२ ची अॅम्बेसेडर घरी उभी आहे, इंजिन बसलंय. बॉडी उचलून बोलेरो पिकअपच्या चेसिसवर ठेवता येईल का?

नाही. उचलायला खाली वेगळी चेसिसच नाही ना भाऊ. अॅम्बेसेडर, पद्मिनी, कॉन्टेसा या सगळ्या मोनोकॉक गाड्या, फ्लोअर, सिल, पिलर, छत मिळून जो डबा होतो तोच तिचा सांगाडा. पिकअपची फ्रेम बसवायला फ्लोअर कापला की खाटेची एक पाटी काढल्यावर जे होतं तेच होतं, दार लावायला गेलं की लागत नाही आणि लागलं की उघडत नाही. शिवाय अॅम्बेसेडरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४६४ मिलिमीटर, पिकअपचा तीन मीटरच्या आसपास, म्हणजे चाक एकीकडे आणि मडगार्ड दुसरीकडे.

त्यापेक्षा तुमच्याकडं काय आहे ते बघा. गाडी पन्नास वर्षांच्या वरची आहे. २०२१ च्या नियमानुसार अशा खाजगी गाडीची विंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' येतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. अट एवढीच की चेसिस, बॉडी शेल आणि इंजिन मूळचं पाहिजे, त्यात मोठा फेरफार नको. पिकअपची चेसिस घातली त्या दिवशी ती विंटेज संपली. रोज ऑफिसला नेता येत नाही हेही लक्षात ठेवा, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. ते १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन बोअर करून, पिस्टन-बेअरिंग टाकून पुन्हा उभं राहतं. आधी कागद घेऊन आरटीओत जाऊन विचारा, मग इंजिन खोला.

प्रश्न (कामठी): यूट्यूबवर अमेरिकेतले लोक शनिवार-रविवारमध्ये जुन्या शेवरलेची बॉडी नव्या चेसिसवर बसवतात. आपल्याकडं काहून जमत नाही?

कारण त्यांचं माप जवळपास जुळतं. १९४७ ते १९५५ च्या अर्ध्या टनी शेवरले पिकअपचा व्हीलबेस ११६ इंच, आणि तिकडच्या एस-टेन नावाच्या छोट्या पिकअपच्या लांब मॉडेलचा ११७.९. पावणेदोन-दोन इंचांचा फरक मडगार्डमध्ये खपून जातो. हेच त्या एस-टेनचं छोटं मॉडेल घेतलं तर १०८.३ इंच, मग तिकडंही डोकं धरून बसतात, पण तो व्हिडिओ कोणी टाकत नाही. आणि शनिवार-रविवार म्हणजे बारा मिनिटांच्या व्हिडिओतला शनिवार-रविवार. तिथला कायदा वेगळा, राज्यागणिक वेगळा, तो इथं लागू नाही.

प्रश्न (काटोल): संत्र्याच्या बागेत आजोबांच्या फार्गो ट्रकचं केबिन आणि पुढचा शो पडून आहे, पत्रा चांगला आहे. त्याच्यासाठी सेकंडहँड पिकअप घेतली. हौद (मागची माल भरायची पेटी) छोटा ठेवायचा आहे म्हणून चेसिस ९ इंचांनी कमी करायची. मिस्त्री म्हणतो मधून कापून वेल्डिंग मारतो, वरून पट्टी ठोकतो, एका दिवसाचं काम. करू का?

थांबा. कटर लावलं नसेल तर आत्ताच फोन करून थांबवा, मग पुढचं वाचा.

पिकअपची चेसिस म्हणजे शिडी. दोन लांब मेंबर आणि मध्ये आडवे क्रॉसमेंबर. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या भागात लांब मेंबर सी आकाराचा असतो, वरची पट्टी, खालची पट्टी आणि मधला उभा पत्रा. हौदात माल पडला की दोन चाकांच्या मध्ये ही शिडी खाली वाकू पाहते, वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते. मधल्या उभ्या पत्र्याच्या मध्यावर त्या मानाने ताण कमी. म्हणूनच कंपनीचे बॉडी बनवणाऱ्यांसाठीचे नियम असतात त्यात वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका असं सांगितलेलं असतं. आणि तुमचा मिस्त्री काय करून राहिला? तोच मेंबर सरळ रेषेत आडवा कापून राहिला, म्हणजे वर, मध्ये, खाली, तिन्हीकडचा जोड एकाच जागी.

वेल्डिंग मजबूत असतं हो, रॉड लोखंडापेक्षा कडक असतो हेही खरं. पण फ्रेम वेल्डिंगमध्ये तुटत नाही, वेल्डिंगच्या शेजारी तुटते. जिथवर उष्णता पोचली तिथला पोलाद बदलतो, आणि आजच्या पिकअपची चेसिस जास्त ताकदीच्या पोलादाची असते, तिला ही उष्णता अजूनच बाधते. मग लोकं वरून चौकोनी पट्टी ठोकतात. पट्टी जिथं संपते तिथं कडक भाग एकदम मऊ होतो आणि सगळा ताण त्या रेषेवर येऊन बसतो. पट्टी द्यायचीच वेळ आली तर तिची टोकं पतंगासारखी निमुळती पाहिजेत, कट तिरका किंवा पायरीचा पाहिजे, दोन्ही मेंबरचा कट समोरासमोर नको. आणि हे मी करा म्हणून सांगत नाही, मिस्त्रीला विचारून बघा म्हणून सांगतो. त्याला यातलं काहीच माहीत नसेल तर कार्यक्रम तिथंच संपला.

दोन वर्षांपूर्वी एक अशीच गाडी माझ्याकडं आली होती, दुसऱ्या एका वर्कशॉपनं बनवलेली, मालकाची तक्रार एवढीच की खड्ड्यात गेली की टिक आवाज येतो. खाली झोपून टॉर्च मारला, सगळीकडं चकचकीत काळा पेंट. पट्टीच्या टोकाशी केसाएवढी एक लालसर रेघ, बस. पेंट खरवडला, घासलेटाचा बोळा फिरवला, पुसून कोरडं केलं आणि वरून खडूची भुकटी चोळली. पाच मिनिटांत खडूवर ओली काळी रेघ उमटली, खालच्या पट्टीतून सुरू होऊन उभ्या पत्र्यात निम्म्याच्या वर चढलेली. त्या गाडीत मालक बायको-पोरांना घेऊन रामटेकला जाऊन आला होता. खडू-घासलेटची ही जुनी ट्रिक आहे, कोणतीही कापलेली चेसिस विकत घेण्याआधी करून बघा, पंधरा रुपयांचं काम आहे.

अजून आहे. ९ इंच कमी केले की प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा) कापावा लागतो, मग बॅलन्स करावा लागतो, दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत पाहिजेत, एक दात चुकला की ६० च्या वर गाडी थरथरते आणि लोकं चाकाचं बॅलन्सिंग करत फिरतात. ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल, वायरिंग, सायलेन्सर, सगळं ९ इंचांनी बदलतं. फ्रेम चौकोनात आहे का ते कोण बघतं? चारी बाजूंनी ओळंबा सोडायचा, फरशीवर खडूनं ठिपके, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी दोन मापं. त्यात फरक दिसला तर गाडी खेकड्यासारखी तिरपी चालणार, टायर खाणार.

तुम्हाला सोपा उपाय सांगतो, चेसिसला हात लावू नका, हौद ९ इंच लांब करा. पत्रा कापणं स्वस्त आहे. जुन्या ट्रकला लांब हौद शोभतोच. आणि त्याच्याही आधी तुमच्या एमएच ४० च्या (नागपूर ग्रामीण) आरटीओत लेखी विचारा, कारण खालचा प्रश्न वाचा.

प्रश्न (वर्धा रोड): एजंट म्हणतो पंधरा हजारात पासिंग करून देतो, जुन्या जीपचं आरसी बुक आहेच, त्याचाच नंबर लावू. चालेल ना?

चालेल, तुरुंगापर्यंत. जुन्या आरसीचा नंबर नव्या चेसिसवर पंच करणं म्हणजे जुगाड नाही, फौजदारी गुन्हा आहे. कायद्याच्या नजरेत गाडी म्हणजे तिची बॉडी नसते, चेसिस नंबर असतो. वर तुम्ही १९५० चं केबिन ठेवा नाहीतर बैलगाडी ठेवा, खाली २०१६ ची पिकअप असेल तर ती २०१६ ची पिकअपच, फक्त बेकायदा बदललेली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हेच सांगतं, कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. एका गाडीत असे बदल किती होतील ते मोजा.

आणि विमा. बॉडी बदलल्याचं कंपनीला कळवलं नाही तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर फोटो काढतो आणि हसतो. 'ऑल इंडिया पेपर क्लिअर' म्हणणाऱ्याला एकच सांगा, आरटीओची परवानगी तुझ्या नाही माझ्या नावानं, बदलाच्या आधीच्या तारखेची, कागदावर दे. फोन कट होईल.

प्रश्न (इतवारी): कबाड्याकडून चेसिस स्वस्तात मिळून राहिली, आरसी नाही. घेऊ?

नाही. आरसी रद्द झालेली चेसिस लोखंडाच्या भावाची असते, रस्त्याची नाही. शेतात शो म्हणून उभी करायची, चहाची टपरी करायची तर वेगळी गोष्ट, तरी घेताना पक्की पावती घ्या.

प्रश्न (हिंगणा): केबिन थेट बोल्टनं चेसिसवर कसलं तर आवाज कमी होईल का? रबर लवकर खराब होतात.

नाही, आवाज वाढेल आणि दारांच्या कोपऱ्यात पत्रा फाटेल. चेसिस पिळते, केबिन पिळत नाही, मध्ये रबर पाहिजेच. आपल्या नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ डिग्रीत रबर कडक होतात हे खरं, मग बदला. आणि रबरामुळं बॉडीला अर्थिंग मिळत नाही, जाड अर्थिंगची पट्टी वेगळी टाका, नाहीतर इंडिकेटर दिला की हेडलाइट मंद होईल आणि तुम्ही इलेक्ट्रिशियनला शिव्या द्याल.

प्रश्न (वाडी): पिकअप बीएस ६ आहे. फालतू वायरिंग काढून टाकली तर साधी होईल ना?

चालूच होणार नाही. अख्खी वायरिंग मीटरसकट जशीच्या तशी घ्या. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) सॉकेट काढा, एका झटक्यात ईसीयू जातो आणि त्याची किंमत शोरूममध्ये विचारा म्हणजे आठवणीत राहील. सायलेन्सरमधले सेन्सर, फिल्टर काढायचे नाहीत, तेही कलम ५२ मध्येच येतं.

प्रश्न (उमरेड): हलकी जुनी बॉडी बसवली, मागं उड्या मारत होती म्हणून स्प्रिंगचे दोन पाटे काढले. आता ब्रेक मारला की मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. ड्रम दोनदा बदलले.

ड्रमचा दोष नाही, पाट्यांचा आहे. पिकअपच्या मागच्या एक्सलपासून एक दांडी चेसिसवरच्या व्हॉल्व्हला जाते, खाली वाकून बघा, दिसेल. माल भरला की चेसिस खाली बसते, दांडी हलते, व्हॉल्व्ह समजतो लोड आहे आणि मागच्या ब्रेकला प्रेशर वाढवतो. तुम्ही पाटे काढले, चेसिस रिकामीच खाली बसली, आता व्हॉल्व्हला वाटतं गाडीत टनभर माल आहे. दांडीला गाठ मारू नका, व्हॉल्व्ह काढून टाकू नका, हे दोन्ही उपाय मी पाहिलेत. पाटे कंपनीप्रमाणं परत टाका आणि दांडीचं सेटिंग सर्व्हिस मॅन्युअल असलेल्या माणसाकडून करा. तोवर पावसात काढू नका.

प्रश्न (नाव-गाव नको म्हणाले): आठ महिन्यांपूर्वी चेसिस कापून केबिन बसवलं, गाडी रोज चालवतो. पुढच्या आठवड्यात फिटनेस आहे. काय करावं?

आठ महिने काय केलं? कापायच्या आधी विचारलं असतं तर दोन ओळींत उत्तर होतं.

असो. पिवळी पाटी आहे म्हणजे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी फिटनेस, ती चुकवता येणार नाही आणि इन्स्पेक्टर खाली बघतोच. आजपासून गाडी उभी करा, माल नाही, माणसं नाहीत. कापलेल्या जागेचा पेंट काढा, खडू-घासलेट करा, दोन्ही बाजूंनी टॉर्च लावून फोटो काढा, एक माप टेप धरून. व्हीलबेस डावीकडून आणि उजवीकडून वेगळा मोजा, तिरकी दोन मापं घ्या. मूळ आरसी, विम्याची पॉलिसी आणि कोणत्या दुकानात काम केलं त्याचं बिल सोबत ठेवा, बिल नसेल तर तेही सांगा, लपवू नका. आधी मोटार कायद्याचं काम बघणाऱ्या वकिलाकडं जा, आरटीओच्या खिडकीवर नंतर. मूळ मापाची दुसरी चेसिस फ्रेम कंपनीकडून मिळते का आणि नंबरची प्रक्रिया काय, हे दोघांना एकत्र विचारावं लागेल. फोटो आले की चेसिसचं मी सांगतो, रविवार सोडून कधीही पाठवा.