खोल समुद्रात तेलगळती झाली, तर तिथल्या जीवांची हानी त्याच तेलाने झाली हे कसं ठरवतात?

एका जागी रुतून बसलेले जीव वर्षानुवर्षं पाहून, आणि त्यांच्यावर सापडलेलं तेल नेमकं कुठलं हे रसायनशास्त्राने ओळखून. मेक्सिकोच्या आखातातली २०१० ची डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटाची दुर्घटना घ्या. तिथल्या माकोंडो नावाच्या विहिरीचं तोंड सुमारे १,५०० मीटर खोल, गळती ८७ दिवस. त्याच वर्षी नोव्हेंबरात विहिरीपासून ११ किलोमीटरवर, जवळपास १,३७० मीटर खोलीवर यंत्रपाणबुडी उतरली तेव्हा पंख्यासारख्या प्रवाळांवर तपकिरी, पिंजल्यासारखा गाळ चिकटलेला दिसला. फांद्यांना बिलगून राहणाऱ्या तारामाशाच्या भाऊबंदांचा रंगही बिघडला होता. कच्च्या तेलातली होपेनसारखी संयुगं सहज कुजत नाहीत आणि त्यांचं आपसातलं प्रमाण तेलागणिक बदलतं, म्हणून ते बोटांच्या ठशासारखं कामी येतं. गाळातलं तेल माकोंडो विहिरीशी जुळलं. पुढे त्याच प्रवाळांचे दरवर्षी फोटो काढून फांदीन् फांदी तपासली. चिकाटीचं काम आहे हे. मात्र आखाताच्या तळातून तेल एरवीही झिरपतं, त्यामुळे नुसतं तेल सापडणं हा पुरावा नव्हे. शिवाय बहुतेक ठिकाणची गळतीपूर्वीची नोंदच नसते. तेव्हा तुलना दूरच्या धडधाकट वसाहतींशी करावी लागते.