दीड लाखात पोलो किती पळणार?

टर्बो हॅचबॅकवाल्यांची पत्रं या वेळी एवढी आलीत की मायलेज आणि सीएनजीवाले प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका. कोल्हापूरच्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण त्यात सगळ्यांचेच प्रश्न येऊन जातात.

प्रश्न : दादा, माझी २०२१ ची पोलो १.० टीएसआय मॅन्युअल आहे, ५८ हजार किमी झालेत, वॉरंटी संपलीय. दीड लाख बाजूला काढलेत. प्लॅन असा : स्टेज १ रीमॅप, कोल्ड एअर इंटेक, डाउनपाइप, मोठा इंटरकूलर आणि लोअरिंग स्प्रिंग. रोज कोल्हापूर-सांगली, महिन्यातून एकदा आंबोली नाहीतर गगनबावडा. कुठल्या क्रमाने करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भावा, लिस्ट वाचली आणि पहिलं हेच डोक्यात आलं की यात टायर कुठायत? ब्रेक कुठायत? क्लच तर नाहीच.

तुझी गाडी कंपनीतून ११० पीएस आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क घेऊन आलीय. स्टेज १ म्हणजे फक्त ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर बदलायचं, पार्ट काही नाही, आणि तीस-चाळीस हजारात ट्यूनर (रीमॅप करून देणारे) १३५-१४० पीएस आणि २२० च्या पुढे टॉर्क सांगतात. खर्चाच्या मानाने याच्याएवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही, हे खरंय. पण तुझ्या गिअरबॉक्सचं नाव एमक्यू २०० आहे आणि त्यातला २०० हा आकडा म्हणजे तो किती न्यूटन मीटरसाठी बनवलाय ते. उद्याच फुटेल असं नाही, लोक चालवतात, पण पहिला हात टेकतो तो क्लच, आणि तुझा क्लच ५८ हजार किमी जुना आहे. रीमॅपआधी एक टेस्ट कर : मोकळा रस्ता बघून चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर दाब, आरपीएम झपकन वर गेला आणि गाडीचा वेग तेवढा वाढला नाही तर क्लच आत्ताच स्लिप होतोय, मग रीमॅप विसर.

म्हणून मी पैसे असे लावेन. पहिले पंधरा हजार नुसत्या सर्व्हिसवर : स्पार्क प्लग, एअर फिल्टर, मॅन्युअलमध्ये ज्या व्हीडब्ल्यू नंबरचं ऑइल दिलंय तेच ऑइल, कूलंट, आणि स्कॅनर लावून जुने फॉल्ट कोड बघून घेणे. जी गाडी स्टॉकमध्येच, म्हणजे कंपनीतून आली तशीच, मिसफायर करते ती रीमॅपनंतर जास्त मिसफायर करणार, हे सांगायला ट्यूनर लागत नाही. मग चार चांगले टायर, १९५/५५ आर१६ साइजचे, पस्तीस हजाराच्या आसपास. मग समोरचे चांगले ब्रेक पॅड आणि ताजं डॉट ४ ब्रेक फ्लुइड, दहा-बारा हजार. पोलोला इथे मागे ड्रमच आहेत त्यामुळे सगळी मदार समोरच्या डिस्कवर, आणि गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना जुनं फ्लुइड उकळलं की पेडल स्पंजसारखं खाली जातं, तेव्हा १४० पीएस काय कामाचे. त्यानंतर रीमॅपचे पस्तीस. झाले पंच्याण्णव-सत्त्याण्णव हजार. उरलेल्यातले चाळीस-पंचेचाळीस हजार बँकेतच राहू दे, ते क्लचचे आहेत, आज नाही तर वर्षा-दीड वर्षाने. हा आकडा कुणीच बजेटमध्ये धरत नाही आणि मग सेकंडहँड मार्केटमध्ये “एनथुझियास्ट ओन्ड, क्लच वर्क पेंडिंग” अशा जाहिराती दिसतात. त्यातूनही चार-पाच हजार राहिले तर रीमॅपच्या आधी आणि नंतर एकाच डायनोवर (गाडीची ताकद मोजायचं मशीन) रन घे, म्हणजे ट्यूनरने काय दिलं ते कागदावर कळेल.

आता जे कापलं ते का कापलं. इंटरकूलर टर्बोतून आलेली गरम हवा थंड करतो; या इंजिनचा तो पाण्याने थंड होणारा आहे आणि इंजिनला हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या आतच बसवलेला आहे, त्यामुळे बंपरमागे मोठा इंटरकूलर लावायची व्हिडिओत दाखवतात ती गोष्ट इथे सरळ लागूच होत नाही. इंटेकने आवाज मस्त येतो, पण स्टेज १ ला कंपनीचा एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) पुरतो. स्प्रिंग : ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी, त्यातले तीसेक घालवून आंबोलीला पावसाळ्यात जायचं असेल तर तू जाणे आणि तुझं सम्प (इंजिनखालची ऑइलची टाकी) जाणे. ५८ हजारावर शॉक ॲब्झॉर्बर गळतायत का ते मात्र बघ, गळत असतील तर रीमॅप पुढे ढकल आणि ते पैसे तिथे लाव.

डाउनपाइप, म्हणजे टर्बोला लागूनचा एक्झॉस्टचा पाइप, वेगळाच विषय आहे. कॅटलिटिक कन्व्हर्टर तिथेच असतो, तो काढला की गाडी बीएस ६ राहत नाही. कायद्याची भाषा सगळ्यांनीच एकदा वाचा : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीतला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीत बदललेल्या कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि प्रदूषणाला कलम १९० वेगळं, तिथे १० हजारांपर्यंत. रीमॅप बाहेरून दिसत नाही म्हणून चालून जातो, पण विमा कंपनीला न सांगता केलेला बदल मोठ्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला सापडला तर क्लेम अडू शकतो. हे तुला घाबरवायला नाही, हिशोबात धरायला सांगतोय.

पेट्रोलचं पण विचार. ट्यूनरला पहिला प्रश्न हा की मॅप कुठल्या ऑक्टेनसाठी लिहिलाय. पंपावरच्या ई२० ला (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आता किमान ९५ ऑक्टेन आहे, पण तुझी गाडी २०२३ च्या आधीची, ई२० साठी बनवलेली नाही, त्यामुळे रबरचे पाइप आणि सील सर्व्हिसला नीट बघायला सांग. आणि रीमॅपनंतर सहाव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर पाय गाडायची सवय सोड. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत कमी आरपीएम आणि जास्त लोड एकत्र आला की स्पार्कच्या आधीच मिश्रण पेट घेतं आणि पिस्टन तुटल्याची उदाहरणं आहेत. एक गिअर खाली टाक, फुकट आहे.

प्रश्न : आय२० एन लाइन डीसीटी, वॉरंटीत आहे. रीमॅपने वॉरंटी जाते म्हणून ट्यूनिंग बॉक्स घ्यावा म्हणतोय, काढून ठेवला की कळत नाही असं दुकानदार म्हणतो. खरंय का?
— नाशिक

उत्तर : अर्धं खरं. बॉक्स सेन्सर आणि ईसीयूच्या मधे बसतो आणि बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) खरा आहे त्यापेक्षा कमी आहे असं ईसीयूला खोटं सांगतो, मग ईसीयू बिचारा बूस्ट वाढवतो. सॉफ्टवेअरला हात लागत नाही म्हणून फ्लॅशची (सॉफ्टवेअर बदलल्याची) नोंद राहत नाही, हे बरोबर. पण दणकट झालेल्या टॉर्कने ड्राय क्लचवाली डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गरम झाली तर ते फॉल्ट कोड तर राहणारच ना. आणि ज्या ईसीयूला खोटं सांगितलंय तो इंजिन वाचवायला पण खोट्या आकड्यांवरूनच निर्णय घेणार, मला हे पटत नाही. तुमच्या गाडीत १२० पीएस आहेत, चारही डिस्क आहेत, वॉरंटी संपेपर्यंत चांगले टायर टाका आणि थांबा.

प्रश्न : बायको विचारते की हे सगळे पैसे गाडी विकताना परत मिळतात का?
— पुणे

उत्तर : नाही. वहिनींना तसंच सांगा. काढलेले स्टॉक पार्ट मात्र खोक्यात भरून माळ्यावर ठेवा, विकताना गाडी परत मूळ रूपात आणता आली तर निदान भाव पडत तरी नाही.

प्रश्न : मी म्युनिकला असतो, गोल्फ ७ जीटीआय आहे, २२० पीएस. इथे ट्यूनर ३०० म्हणतात. बजेट २००० युरो. भारतातले मित्र म्हणतात करून टाक, इथे काय अडतंय?
— म्युनिक

उत्तर : मित्रांना सांगा, तिथे जास्त अडतं. बदलाची तपासणी करून कागदावर नोंद नसेल तर गाडीचा रस्त्यावर चालवायचा परवानाच रद्द होतो, म्हणून रीमॅप घेताना तुव्ह (तिथली गाड्या तपासणारी संस्था) सर्टिफिकेटसकट घ्यायचा आणि ती फी बजेटमध्ये धरायची. विम्याला कळवायचं, प्रीमियम वाढेल तो पण धरा. बाकी तुम्ही नशीबवान, कोपऱ्यावरच्या पंपावर ९८ ऑक्टेन मिळतं, तुमच्या ट्यूनरचा ३०० चा आकडा तशाच पेट्रोलवरचा असणार, इकडच्यांनी तो बघून आपल्या ट्यूनरशी भांडू नये. साध्या जीटीआयला परफॉर्मन्स व्हर्जनचे मोठे ब्रेक आणि पुढचा डिफरेन्शियल लॉक नाही, त्यामुळे ३०० पीएसला ओल्या रस्त्यावर पुढची चाकं जागेवर फिरणार. टायर आणि पॅड आधी, हेच इथेही. आणि न्युर्बुर्गरिंगला (जर्मनीतला रेस ट्रॅक) जायचा विचार असेल तर निघायच्या आधी पॉलिसीत तिथला अपघात धरलाय का ते लेखी विचारा, बऱ्याच पॉलिसींमध्ये तो वगळलेला असतो, आणि वाकलेल्या गार्डरेलचं बिल ड्रायव्हरलाच येतं.